उलव्याचा भूखंड आणि आईची किडनी

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाला लोक बहुधा शस्त्रक्रियेविषयी विचारतात. माझ्या अनुभवात शस्त्रक्रिया हा सर्वांत छोटा भाग होता, कारण ती चालू असताना मी भुलीखाली होतो. त्याआधीचा डायलिसिसचा काळ, दात्याच्या तपासण्या, कायद्याने ठरवून दिलेले अर्ज आणि मुलाखती, आणि या सगळ्याच्या बरोबरीने आमच्या घरात चाललेले उलव्याच्या भूखंडाचे प्रकरण, यांनीच सगळा काळ खाल्ला. माझे वडील लोभी होते. हे वाक्य त्यांना वाचून दाखवले तरी ते फारशी हरकत घेणार नाहीत. आकडे तेवढे बरोबर लिही, असे सांगतील.

आमचे गाव पनवेल तालुक्यात, गव्हाणच्या परिसरात आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेतली गेली, तेव्हा आजोबांची खाडीलगतची एक एकर भातशेती त्यात गेली. मिळालेला मोबदला घराच्या छपरात आणि थोरल्या आत्याच्या लग्नात संपला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, १६ आणि १७ तारखेला पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. बाबा तेव्हा विशीत होते आणि त्या गर्दीत होते. सार्वजनिक सुविधांसाठीची वजावट झाल्यावर हातात पावणेनऊ टक्के येतात. एका एकराचे साधारण ४०४७ चौरस मीटर धरले, तर साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास. तेवढाच आमचा भूखंड होता, उलव्यात, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ही पार्श्वभूमी सांगितली नाही तर बाबांवर अन्याय होईल, आणि ती सांगून त्यांना सगळेच माफ केले तर आईवर होईल.

भूखंड ताब्यात आल्यापासून बाबांचे आयुष्य त्याच्याभोवती फिरू लागले. तो त्यांनी टेम्पो उभे करायला भाड्याने दिला होता आणि त्यातल्या एका टेम्पोचे भाडे स्वतःच्या पुतण्याकडूनही ते सोडत नसत. रात्री कोणी येऊन डेब्रिज टाकून जाईल या धास्तीने ते रोज संध्याकाळी स्कूटरवरून तेथे चक्कर मारत. शेजारचा भूखंड कोणी, कधी, काय भावाने विकला याची नोंद त्यांच्या एका जुन्या डायरीत असे. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली तेव्हा बिल्डर घरी आले होते. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले, कारण मुंबईला जोडणारा सागरी पूल व्हायचा होता. पूल झाल्यावर विमानतळ व्हायचा होता. बहिणीला नर्सिंगला जायचे होते त्या वर्षी घरात फीपुरते पैसे नाहीत असे सांगण्यात आले, आणि ते रोख पैशांपुरते खरेही होते. दोन्ही आत्यांची नावे वारस म्हणून कागदावर होती. साडी-चोळी देऊन, जेवू घालून त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचे असा बाबांचा बेत होता, आणि त्या दोघींनी तो हाणून पाडल्यापासून आमच्या घरी भाऊबीज होत नव्हती.

मी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर गोदामात कागदपत्रांचे काम करतो. सततची डोकेदुखी चष्म्याच्या नंबरामुळे असेल असे समजून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पडदा तपासला आणि आधी रक्तदाब मोजून या असे सांगितले. रक्तदाब १८०च्या वर होता. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली दिसली. ती इतकी लहान झालेली असताना बायोप्सी करून मूळ कारण कळण्याची आशा नसते, त्यामुळे हा आजार मला का झाला याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही. काही महिने औषधांवर गेले आणि मग डाव्या हाताच्या मनगटापाशी फिस्टुला करण्यात आला. यात धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे शिरेतून जोराचा प्रवाह वाहून ती काही आठवड्यांत जाड होते आणि डायलिसिसच्या सुया तिच्यात खुपसता येतात. त्या जागी बोट ठेवले की सतत थरथर लागते. ती थांबली तर तडक रुग्णालयात यायचे, आणि या हाताने जड उचलायचे नाही, या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, असे बजावून मला घरी सोडले.

आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, असे डायलिसिस सुरू झाले. खारकोपरहून लोकलने नेरूळ आणि तेथून रिक्षा. लघवी जवळजवळ बंद झालेली असल्याने दोन फेऱ्यांच्या मध्ये जे पाणी पोटात जाते ते अंगातच साठते. म्हणून दिवसभराचे पाणी, चहा, आमटीचा रस्सा हे सगळे एका बाटलीच्या मापात बसवावे लागते. सुकट आणि सुके बोंबील मिठामुळे बंद झाले, नारळपाणी पोटॅशियममुळे बंद झाले, आणि आई प्रत्येक भाजी चिरून, उकळून, पाणी फेकून मग फोडणीला टाकू लागली. मासळीवर वाढलेल्या घरात त्या काळात जेवणाचा वासही येत नसे.

बाबांनी पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट जाहीर केली. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा पर्याय सांगितला आणि खर्च दहा लाखांच्या पुढे जाईल, शिवाय नंतरची औषधे जन्मभर घ्यावी लागतील, हेही सांगितले, तेव्हा बाबा म्हणाले की किडनी मी देतो, प्लॉटचा विषय काढू नका. शासनाच्या योजनेतून शस्त्रक्रियेला काही रक्कम मिळते, उरलेले कोठून तरी उभे करू, असा त्यांचा हिशेब होता. मला तेव्हा यातले पहिले वाक्य मोठे वाटले होते. पुढे विचार करताना लक्षात आले की आपल्या अंगातले काढून देणे त्यांना सोपे वाटत होते, कारण त्याला बाजारभाव नव्हता. भूखंडाला होता आणि तो रोज वाढत होता. आई एकदा धीर करून म्हणाली की अर्धा तरी विकू, तर ते म्हणाले, ‘‘आज इकला तं उद्या पस्तावाल.’’ भूखंड अर्धा विकता येत नाही, हेही त्यांनी त्याच दमात ऐकवले.

त्यांचे गणित चुकीचे नव्हते, ही या प्रकरणातली खरी अडचण होती. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी आमची रेल्वे उरणपर्यंत पुढे गेली, आणि उलव्यातले भाव खरोखरच चढले. बाबा रोज नवा आकडा घेऊन घरी येत. मी डायलिसिसहून येऊन आडवा झालेलो असे आणि त्या दिवशी भूखंडात किती लाखांची भर पडली हे दाराबाहेरून ऐकत असे. संतापण्याइतकी ताकद तेव्हा नसते. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलेले असते आणि रक्त चढवणे डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे किडनी जुळायला अडचण येते. त्याऐवजी इंजेक्शने दिली जातात आणि तीही महाग असतात. त्या इंजेक्शनांची पावती बाबा वाचत, घडी घालत आणि डायरीत ठेवत.

डायलिसिसनंतर मला चक्कर येऊ लागली म्हणून बाबा बरोबर येऊ लागले, आणि माझ्या मते सगळे फिरले ते त्या बाहेरच्या बाकड्यांवर. आत चार तास आम्ही यंत्राला जोडलेले असतो. बाहेर चार तास आमचे आईबाप, बायका, भाऊ बसलेले असतात. तेथे औषधांचे भाव, कोणत्या धर्मादाय संस्थेकडे अर्ज करायचा, कोणत्या डॉक्टरांचा हात सुई टोचायला हलका आहे, असल्या माहितीची देवाणघेवाण चाललेली असते. बाबांना तेथे एक समवयस्क कोळी गृहस्थ भेटले, उरणजवळच्या करंजा गावचे. त्यांनी मुलासाठी मासेमारीची होडी विकली होती. बाबांनी त्यांच्या नेहमीच्या सवयीने विचारले की कितीला गेली. त्या गृहस्थांना आकडा आठवेना. त्यांनी बायकोला फोन करून विचारण्याची तयारी दाखवली, पण तोवर त्यांचा मुलगा बाहेर आला आणि ते उठून गेले. बाबांनी ही गोष्ट घरी येऊन सांगितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली, आणि तिसऱ्यांदा आपल्या चुलत भावाला सांगताना मी ऐकली. माणूस होडी विकतो आणि भाव विसरतो, हे त्यांना पटतच नव्हते. तो खोटे बोलत असावा, असाही एक निष्कर्ष त्यांनी काढून पाहिला. पुढे त्या मुलाची खाट दुसऱ्या रुग्णाला दिलेली दिसली. बाबांनी परिचारिकेला विचारले आणि परत येऊन बाकड्यावर बसले, तेव्हा त्यांनी मला काय कळले ते सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण डायलिसिस केंद्रात खाट दुसऱ्याला गेली, याचा अर्थ विचारावा लागत नाही.

त्यानंतर बाबांनी स्वतःहून रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंची भेट मागितली. मात्र तेथेही त्यांचा पहिला प्रश्न असा होता की बाहेरून किडनी घ्यायची तर किती पडते. बाईंनी त्यांना शांतपणे कायदा समजावला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा आहे, २०११ साली तो अधिक कडक झाला, अवयवाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कैदेपेक्षा दंडाच्या आकड्याने बाबा गप्प झाले, असे मला वाटते. मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षा यादीत नाव नोंदवता येते आणि ते आम्ही नोंदवलेही, पण त्या यादीत नंबर लागायला वर्षे जातात. जिवंत दात्यांमध्ये आईवडील, भावंडे, मुले, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना जवळचे नातेवाईक मानतात आणि त्यांची परवानगी तुलनेने सोपी असते. आईवडिलांकडून मुलाला ऊतींची निम्मी जुळणी जन्मतःच मिळालेली असते, हे ऐकून बाबा खूष झाले. त्यांचा रक्तगट ओ, माझाही ओ. घरचाच माल आहे, असे ते समन्वयक बाईंना म्हणाले.

दात्याच्या तपासण्या टप्प्याटप्प्याने करतात, आणि ते योग्यच आहे. साध्या तपासणीत दाता बाद होत असेल तर महागड्या तपासण्यांचा खर्च वाचतो. बाबा पहिल्याच टप्प्यात बाद झाले. उपाशीपोटी साखर वाढलेली, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठच्या पुढे, आणि लघवीत प्रथिने जात होती. म्हणजे मधुमेह बरीच वर्षे असणार आणि त्याचा त्रास त्यांच्या स्वतःच्या मूत्रपिंडांना सुरू झालेला होता. डॉक्टरांनी सांगितले की तुमची किडनी आम्हाला घेता येणार नाही, आणि तुम्हीही आता दर तीन महिन्यांनी येत जा. बाबांनी दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासणी करून आणली. उत्तर तेच आले. पुढचे काही दिवस ते भूखंडावर गेले नाहीत. टेम्पोवाल्याने भाडे घरी आणून दिले, तर ते त्यांनी न मोजता आईच्या हातात दिले. माझ्या आठवणीत असे पूर्वी कधी घडलेले नव्हते.

मग आईने, जिला आजवर कोणी काही विचारले नव्हते, समन्वयक बाईंना फोन करून स्वतःची तपासणी ठरवली. तिचाही रक्तगट ओ निघाला. तिच्या पांढऱ्या पेशी आणि माझे रक्तद्रव एकत्र ठेवून क्रॉसमॅच केली. ती निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्या किडनीविरुद्ध माझ्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती. दोन्ही मूत्रपिंडे किती काम करतात हे पाहण्यासाठी डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्या किती आणि कशा आहेत यासाठी सीटी अँजिओग्राफी, हृदयाची इको, चोवीस तासांची लघवी, स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि मनोविकारतज्ज्ञांची तपासणी, असे सगळे झाले. दोन मूत्रपिंडांत फरक असेल तर चांगले दात्याकडेच राहते, हा नियम मला फार आवडला. आईची दोन्ही सारखीच निघाली. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते, त्यामुळे डावे घ्यायचे ठरले.

परवानगीसाठी तिचा जन्माचा दाखला नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि प्रतिज्ञापत्रावर ते काम भागले. माझा जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार, लग्नाचे प्रमाणपत्र, आम्हा दोघांचे एकत्र छायाचित्र आणि नात्याची खात्री करणारा जनुकीय अहवाल अशी फाईल तयार झाली. मुलाखतीचे चित्रीकरण होते. आईला एकटीला आत बोलावून विचारले की कोणाचा दबाव आहे का, कोणी पैसे देऊ केले आहेत का, शस्त्रक्रियेतले धोके कळले आहेत का. ती बाहेर आल्यावर म्हणाली की लग्नाच्या वेळीसुद्धा मला कोणी असे बसवून विचारले नव्हते.

त्यानंतर पतीची संमती म्हणून बाबांना बोलावले आणि मलाही बसवले. परवानगी देणाऱ्या समितीतल्या डॉक्टरांनी विचारले की प्रत्यारोपणानंतर पहिल्या वर्षी औषधे आणि तपासण्या यांना महिन्याला दहा-पंधरा हजार सहज लागतात, पुढेही ती थांबत नाहीत, तर हा खर्च कोण करणार. बाबा म्हणाले, ‘‘पोराचा खर्च मीच करनार. लिवून घ्या.’’ डॉक्टरांनी उत्पन्न विचारले. बाबांनी भूखंडाचा सेक्टर, क्षेत्रफळ आणि चालू भाव सांगितला. समन्वयक बाई म्हणाल्या, ‘‘काका, औषधाच्या दुकानात प्लॉट चालत नाही. पैसे आधी बाजूला काढलेले पाहिजेत, कारण गोळ्या चुकल्या तर काकूंची किडनी वाया जाईल.’’ चित्रीकरण चालूच होते. बाबांनी आईकडे पाहिले, आणि शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी आपल्याला किती दिवस मिळतील असे विचारले. ते त्या खोलीत विकायला तयार झाले, असे आई मानते. माझ्या मते ते बाकड्यावरच तयार झाले होते आणि त्यांना कोणीतरी भाग पाडण्याची वाट ते पाहत होते.

भूखंड विकणे हीसुद्धा एक प्रक्रिया आहे आणि तिच्यात पहिली गाठ आत्यांची होती. बाबा आधी करळला थोरल्या आत्याकडे गेले आणि मग बेलापूरजवळ दिवाळ्याला धाकटीकडे. मी बरोबर नव्हतो. धाकट्या आत्यानेच पुढे सांगितले की त्यांनी हक्कसोडपत्राचा शब्दही काढला नाही, तीन सारखे वाटे होतील एवढेच बोलले, आणि ते हे हिशेबाची वही वाचल्यासारखे बोलत होते. थोरल्या आत्याने त्यांना बऱ्याच वर्षांचे सुनावून घेतले. मग दोघी नोंदणीला आल्या आणि दोघींनी आपापल्या वाट्यातून माझ्या शस्त्रक्रियेसाठी रक्कम देऊ केली. बाबांनी ती घेतली नाही. पूर्वी त्यांनी ती घेतली असती, आणि पावतीही दिली नसती.

खरेदीदार उलव्यातलाच एक विकासक होता. विकणाऱ्याच्या घरात आजारपण आहे हे दलालाला कळले की भाव उतरतो, म्हणून बाबांनी ते कोणाला सांगितले नव्हते. पण गावात अशी गोष्ट लपत नाही आणि दुसऱ्या बैठकीत भाव खाली आलाच. बाबा उठले नाहीत. त्यांनी भावाऐवजी मुदतीवर घासाघीस केली. बयाण्याची रक्कम मोठी हवी, ती शस्त्रक्रियेच्या आधी खात्यात हवी आणि उरलेली करारनाम्याच्या दिवशीच हवी, या अटींवर ते अडून बसले. वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या. कोणाची आली नाही. भाडेपट्टा करार आमच्याकडे होताच. हस्तांतर शुल्क भरून सिडको, आम्ही आणि खरेदीदार असा त्रिपक्षीय करार झाला, आणि पनवेलला नोंदणी झाली. पन्नास लाखांवरच्या व्यवहारात एक टक्का कर आधीच कापून घेतात हे बाबांना तेथे कळले आणि त्यावरून त्यांनी वकिलांशी जो वाद घातला त्याने आईला बरे वाटले. माणूस जाग्यावर आहे, असे ती म्हणाली. वाटे झाल्यावर आमच्या हिश्श्यातली मोठी रक्कम आईच्या आणि माझ्या संयुक्त नावावर मुदत ठेवीत गेली. तिचे व्याज औषधांना पुरते. बाबांनी स्वतःचे नाव घालायला नकार दिला. माझ्या नावावर पैसा असला की मी तो वाढवायला बघतो, हे त्यांनी बँकेत व्यवस्थापकांसमोर सांगितले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आईला आधी आत नेले. दुर्बिणीने तिची डावी किडनी काढून शेजारच्या शस्त्रक्रियागृहात माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली बसवण्यात आली. जुनी मूत्रपिंडे काढत नाहीत. माझ्या शरीरात आज तीन आहेत आणि काम एकच करते. रक्तप्रवाह सोडल्यावर ती तेथेच लघवी करू लागली, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारे माझ्या रक्तातले क्रिएटिनिन नऊच्या वर होते ते काही दिवसांत दीडच्या खाली आले. आई एका मजल्यावर आणि मी संसर्ग टाळण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत होतो. बाबा जिन्याने वरखाली करत होते आणि दोघांच्या लघवीचे मोजमाप परिचारिकांकडून घेऊन डायरीत लिहीत होते. तीच डायरी होती. भावांच्या नोंदी मागच्या पानांवर होत्या आणि ते पुढून लिहायला लागले होते. मिलिलिटरचे आकडे पाहून त्यांनी एकदा काचेपलीकडून अंगठा वर केला. एवढीच त्यांची त्या दिवसांतली भावना मला दिसली.

आई आठवड्याभरात घरी गेली. माझी मूत्रनलिकेतली नळी काही आठवड्यांनी काढली. नव्या अवयवाला शरीराने परके मानून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड सुरू झाले. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याच्या आधी मोजतात, आणि गोळी बारा-बारा तासांच्या अंतराने ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. ती वेळ माझ्यापेक्षा बाबांना जास्त पाठ आहे. पपनसामुळे या औषधाची पातळी वाढते म्हणून त्यांनी परसातले झाड तोडण्याचा विचार केला होता. पपनस बाजारात चांगल्या भावाने जाते हे आठवून त्यांनी ते ठेवले आहे आणि फळे विकतात.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. थांबले असते तर किती मिळाले असते, हे बाबांना गावात कोणीना कोणी ऐकवतेच आणि करंजाचे ते गृहस्थ भाव विसरले होते, तसे बाबा विसरलेले नाहीत. आपला भाव आणि आजचा भाव यांतला फरक ते विचारणाऱ्याला शेवटच्या रुपयापर्यंत सांगतात, आणि मग लगेच माझे क्रिएटिनिनही सांगतात, विचारले नसले तरी. त्यांची स्वतःची साखर आता गोळ्यांवर सातच्या खाली आहे आणि लघवीतली प्रथिने कमी झाली आहेत. माझ्यासाठी तपासले नसते तर त्यांचे मूत्रपिंडही काही वर्षांत याच वाटेने गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. आईची वर्षाची तपासणी, माझी महिन्याची आणि त्यांची तीन महिन्यांची, अशा आम्ही तिघे एकाच दिवशी तारखा घेतो. एकाच रिक्षात भागते, हे बाबांचे कारण आहे. मागच्या वेळी प्रयोगशाळेने दर वाढवल्यावरून त्यांनी काउंटरवर बराच वेळ हुज्जत घातली, तिघांच्या तपासण्या एकत्र आहेत म्हणून सवलत मागितली, आणि ती मिळवून दाखवली.